ब्लॉकचेनवरची साइट बंद पडते तेव्हा नेमकं काय पडलेलं असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्लॉकचेनवर चालणाऱ्या एका व्यासपीठावर तुम्ही दोन वर्षं लिहिताय. परवा संध्याकाळी लेख टाकला, चक्र बराच वेळ फिरत राहिलं आणि शेवटी 'काहीतरी चुकलं' एवढाच संदेश आला. पान पुन्हा उघडलं तर आदल्या रात्रीच्या पोस्ट दिसत होत्या, त्यानंतरचं काहीच नाही. दोनेक तासांनी सगळं आपोआप सुरळीत झालं. "इथे एक सर्व्हर नसतो, शेकडो असतात, म्हणून हे कधी बंद पडत नाही, असं सांगून मला इथे आणलं होतं. मग हे काय?" असं तुम्ही विचारलंय.

तुमचा राग रास्त आहे. जे सांगितलं गेलं ते अर्धंच होतं आणि उरलेलं अर्धं सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही. मी २०१७ पासून स्टीमचा आणि २०२० नंतर हाइव्हचा नोड चालवतो. या दोन्ही लेखनाच्या व्यासपीठांसाठी बनलेल्या ब्लॉकचेन, म्हणजे साखळ्या, आणि नोड म्हणजे साखळीची प्रत जपणारा संगणक. दिवसाची नोकरीही पुण्यात सर्व्हर सांभाळण्याचीच आहे. तेव्हा उदाहरणं मुख्यतः तिथलीच देतो. तुमचं व्यासपीठ दुसरं असलं तरी दुखणी बहुतेक हीच असतात.

आधी तुमच्या लेखाबरोबर चालत जाऊ. तुम्ही 'प्रकाशित करा' दाबता तेव्हा तुमच्याच ब्राउझरमध्ये तुमची पोस्टिंग की (लिहिण्यापुरती गुप्त किल्ली) त्या मजकुरावर सही करते. सही झालेली ही नोंद, म्हणजे व्यवहार, साइट एका एपीआय नोडकडे, म्हणजे साइटच्या मागण्यांना उत्तरं देणाऱ्या नोडकडे, पाठवते. तो नोड सही तपासतो, तुमच्या खात्यात लिहिण्याइतकी शिल्लक क्षमता आहे का ते पाहतो आणि व्यवहार शेजारच्या नोडना देतो. ते आणखी पुढे देतात. ज्या विटनेसची (मतांनी निवडलेल्या ब्लॉक बनवणाऱ्याची) पाळी असेल तो आपल्या तीन सेकंदांत ब्लॉक, म्हणजे नोंदींचा एक गठ्ठा, बनवतो आणि तुमचा लेख त्यात जाऊन बसतो. एका फेरीत असे २१ विटनेस असतात: मतांच्या क्रमाने पहिले २० आणि राखीव रांगेतला एक. २१ गुणिले ३ म्हणजे ६३ सेकंदांत फेरी पुरी होते. लिहिण्याचं काम इथे संपलं. हा भाग खरोखरच पसरलेला आहे. यातला एखादा विटनेस पडला तर त्याचा तीन सेकंदांचा ब्लॉक चुकतो, पुढचा माणूस पुढचा ब्लॉक बनवतो आणि तुम्हाला कळतही नाही.

आता उलट दिशेने या. तुमच्या मैत्रिणीने साइट उघडली आणि तिला तुमचा लेख हवा आहे. साखळी म्हणजे घडलेल्या गोष्टींची नोंदवही: अमक्याने लेख टाकला, तमक्याने मत दिलं, अमुक इतकं चलन इकडून तिकडे गेलं. 'मी ज्यांना फॉलो करते त्यांच्या ताज्या पोस्ट, मतांसकट, माझ्या भाषेत' असं तिला विचारलं तर ती सांगू शकत नाही. त्यासाठी कुणीतरी ती वही पानापानाने वाचून नीट लावून ठेवावी लागते. हाइव्हवर हे काम हाइव्हमाइंड नावाची प्रणाली करते. ती प्रत्येक ब्लॉक वाचते आणि पोस्टग्रेसच्या डेटाबेसमध्ये तक्ते भरते. तिच्यापुढे मागण्या वाटून देणारा आणि उत्तरं थोडा वेळ जपून ठेवणारा एक थर असतो, त्याच्यापुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मग साइटची ओळख पटवणारं टीएलएस प्रमाणपत्र, मग साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारं डीएनएस. लेखातले फोटो तर साखळीवर नसतातच. साखळीवर असतो फक्त फोटोचा पत्ता, फोटो एका वेगळ्या, साध्या सर्व्हरवर पडलेला असतो. तो सर्व्हर झोपला की लेख दिसतो आणि फोटोच्या जागी तुटलेल्या चौकटी.

मोजून बघा: लिहिताना तुमच्यामागे २१ जण उभे आहेत, वाचताना मात्र एखाददुसरी यंत्रणा. कोणत्याही वृत्तपत्राच्या साइटला जे सामान लागतं तेच इथे लागतं आणि ते ज्या कारणांनी बिघडतं त्याच कारणांनी इथेही बिघडतं. डिस्क भरते. प्रमाणपत्राची मुदत संपते. डेटाबेस एखाद्या जड प्रश्नात अडकतो. रात्री तीन वाजता कुणी जागं नसतं.

तुम्हाला आदल्या रात्रीच्या पोस्ट दिसत होत्या, या एका खुणेवरून मी बराच अंदाज बांधू शकतो. साखळी थांबलेली नव्हती. ती वही वाचून तक्ते भरणारी यंत्रणा मागे पडली होती. म्हणजे तुमचा लेख बहुधा पहिल्याच प्रयत्नात साखळीत गेला होता, फक्त तुमच्या खिडकीतून तो दिसत नव्हता.

हे असं का राहिलं, याचं उत्तर माझ्या मते पैशात आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. ब्लॉक बनवणाऱ्या विटनेसला प्रत्येक ब्लॉकमागे मोबदला मिळतो, तो नियमातच लिहिलेला आहे. वाचणाऱ्यांना उत्तरं देणाऱ्या एपीआय नोडला मात्र नियमानुसार एक पैसाही मिळत नाही. लिहून घेणाऱ्याला पगार आणि वाचून दाखवणाऱ्याला नुसता नमस्कार. पण सोशल व्यासपीठावर एक माणूस लिहितो आणि शेकडो वाचतात, म्हणजे सगळा भार वाचण्याच्याच बाजूला. हाइव्हवर वरच्या क्रमांकाच्या विटनेसनी एपीआय नोडही चालवावा अशी अपेक्षा असते, सामाईक निधीतूनही काही कामांना पैसे मिळतात. पण ही झाली रीत. ती पाळली नाही तर साखळी कुणाला दंड करत नाही.

या भाराने काय होतं ते स्टीमिटने २०१८ मध्ये दाखवून दिलं. स्टीम ही साखळी मार्च २०१६ मध्ये नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी सुरू केली आणि तिच्यावरची मुख्य साइट स्टीमिट ही त्यांचीच कंपनी चालवत होती. पूर्ण नोडला त्या काळी सगळी चालू अवस्था रॅममध्ये ठेवावी लागे. लोक वाढले, लेख वाढले, तसतशी रॅम वाढवावी लागली. भाड्याच्या सर्व्हरवर रॅम ही सर्वांत महाग वस्तू. नोव्हेंबर २०१८ मध्ये चलनाचा भाव पडलेला असताना कंपनीने आपली ७० टक्क्यांहून जास्त माणसं कमी केली आणि जी कारणं जाहीर केली त्यात पूर्ण नोड चालवण्याचा खर्च ठळक होता. त्यानंतरच त्यांनी रॅममधला माल डिस्कवर हलवण्याचं काम नेटाने हाती घेतलं. विकेंद्रित म्हणवणाऱ्या व्यासपीठाची बहुतेक वाचनं एका कंपनीच्या क्लाउडच्या बिलावर टांगलेली होती. ते बिल जड झालं तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला.

माझ्या घरचंच एक उदाहरण सांगतो. माझा एपीआय नोड युरोपातल्या एका डेटासेंटरमध्ये भाड्याच्या मशीनवर होता. तीन मित्रांनी केलेलं एक छोटं अ‍ॅप होतं, त्यात मुक्कामाचा पत्ता म्हणून माझाच नोड लिहिलेला. मी कधी नको म्हटलं नाही, उलट बरं वाटायचं. एका शनिवारी पहाटे मशीनची मेमरी संपली आणि ऑपरेटिंग सिस्टिमने सर्वांत मोठी प्रक्रिया मारून टाकली. ती अर्थातच नोडची होती. असा नोड अर्ध्यात मेला की त्याची अवस्थेची फाइल बिघडते. ती दुरुस्त होत नाही, नव्याने बांधावी लागते, म्हणजे साखळीच्या पहिल्या ब्लॉकपासून सगळे व्यवहार पुन्हा एकदा लावत यायचं. याला आम्ही रिप्ले म्हणतो. तीन सेकंदांना एक ब्लॉक म्हणजे दिवसाला २८,८०० आणि वर्षाला एक कोटी पाच लाखांवर. पहिली काही वर्षं झरझर जातात, कारण तेव्हा ब्लॉक जवळपास रिकामे होते. गर्दीचा काळ आला की आकडा सरकेनासा होतो. मी टर्मिनल उघडं ठेवून बसलो होतो, ओळीमागून ओळ येत होती, टक्का वाढत नव्हता. चहा झाला, जेवण झालं, रात्र झाली. एकूण एकतीस तास लागले.

त्या एकतीस तासांत माझ्या फोनवर येणारा प्रत्येक संदेश एकच विचारत होता: "साखळी बंद आहे का?" साखळी एक सेकंदही बंद नव्हती. मी दुसऱ्याच्या नोडवरून बघत होतो, दर तीन सेकंदांना नवा ब्लॉक पडत होता. पण त्या अ‍ॅपमध्ये लिहिणाऱ्या माणसाला माझा नोड हीच साखळी होती. त्याने काय चुकीचं समजलं? काहीच नाही. त्याच्या हातात दुसरा पत्ता दिलाच नव्हता. तेव्हापासून मी माझ्या नोडवर विसंबणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारतो, दुसरा आणि तिसरा पत्ता कुठला घातलाय?

साखळी स्वतः कधीच थांबत नाही, असं मात्र समजू नका. थांबते, आणि काही वेळा तिने थांबणंच बरोबर असतं.

सप्टेंबर २०१८ मध्ये स्टीमवर २० क्रमांकाचा हार्डफोर्क (सगळ्यांनी एकदम करायचा नियमबदल) व्हायचा होता, तारीख २५. तयारी म्हणून अनेक विटनेसनी नवी आवृत्ती आधीच बसवली होती. तिच्यातल्या एका दोषामुळे १७ सप्टेंबरला साखळी अडकली आणि दुरुस्ती येऊन बसेपर्यंत काही तास ठप्प राहिली. ठरल्या दिवशी हार्डफोर्क झाला तर दुसरंच संकट उभं राहिलं. कुणी किती लिहायचं याचा जुना हिशोब जाऊन 'रिसोर्स क्रेडिट' नावाचा नवा हिशोब आला होता आणि तो सुरुवातीला इतका कडक बसला की अनेक छोट्या खात्यांना पोस्ट, कमेंट काहीच करता येईना. ब्लॉक पडत होते, साइट उघडत होती, फक्त सामान्य माणसाचं तोंड बंद होतं. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हीसुद्धा बंदच. घाईघाईने सुधारित आवृत्ती काढून ते सोडवावं लागलं.

वीस-एकवीस स्वतंत्र माणसं असताना सगळी एकदम कशी आडवी झाली? कारण माणसं वेगळी होती आणि सॉफ्टवेअर एकच. एकवीस घरांत एकाच सुताराने एकाच मापाच्या कड्या बसवल्या आणि मापच चुकलं, तर सगळी दारं एकदम अडकणार. इथे इथेरियम या मोठ्या साखळीचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. मे २०२३ मध्ये ११ आणि १२ तारखेला तिथे ब्लॉक कायमचे पक्के होणं थांबलं होतं, पहिल्या दिवशी २५ मिनिटांच्या आसपास, दुसऱ्या दिवशी तासाहून जास्त. प्रिझम आणि टेकू या दोन सॉफ्टवेअरवर असह्य भार आला होता. पण लाइटहाउससारखी दुसऱ्या गटांनी स्वतंत्रपणे लिहिलेली सॉफ्टवेअरं तग धरून राहिली, म्हणून ब्लॉक पडत राहिले आणि लोकांचे व्यवहार होत राहिले. बहुतेक सोशल साखळ्यांना ही चैन नाही. दुसरी टीम पोसायची म्हणजे पुन्हा पैशाशीच गाठ.

थांबणं बरोबर का, ते सांगतो. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला कोरम लागतो. तो भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि अर्ध्या तासाने तीच सभा आहे त्या माणसांत भरवता येते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. साखळीला ही अर्ध्या तासाची सवलत देता येत नाही. कल्पना करा, मधली केबल तुटली आणि निम्मे विटनेस इकडे, निम्मे तिकडे. दोन्ही गटांनी आपापली सभा भरवून ठराव मंजूर केले तर जोडणी परत येईल तेव्हा एकाच पैशाची दोन माणसं मालक असतील. म्हणून काही साखळ्या दोन तृतीयांशांहून जास्त सभासद एकत्र नसतील तर ब्लॉकच बनवत नाहीत. स्टीम-हाइव्हची पद्धत थोडी सैल आहे. काही विटनेस गायब असले तरी ब्लॉक पडत राहतात, पण सुमारे तीन चतुर्थांशांची मोहर पडल्याशिवाय ते पक्के धरले जात नाहीत, आणि हजेरी ३३ टक्क्यांच्याही खाली गेली तर मूळ मांडणीप्रमाणे विटनेस ब्लॉक बनवायचं थांबतात. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेलं आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेलं तत्त्व हेच सांगतं: जाळं तुटलं की एकवाक्यता आणि उपलब्धता यांतली एकच गोष्ट हातात राहते. पैशाचा हिशोब ठेवणाऱ्या यंत्रणेने एकवाक्यता निवडली तर मी तिला दोष देणार नाही. अडचण अशी की त्याच वहीत आपण 'शुभ सकाळ'ही लिहितो, आणि शुभ सकाळला एवढी कडक शिस्त लागत नाही.

फारकास्टर या सोशल जाळ्याच्या प्रवासात हा पेच चांगला दिसतो. त्यांनी ओळखीची नोंद तेवढी ऑप्टिमिझमच्या साखळीवर ठेवली आणि रोजचे संदेश हब नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर. हबमध्ये सभा नाही, कोरम नाही. ज्याला जे कळेल ते त्याने शेजाऱ्याला सांगायचं, यथावकाश सगळे सारखे होतील अशी मांडणी. त्यामुळे ते कधी ठप्प होत नव्हतं. पण २०२४ मध्ये गर्दी वाढली तशी दोन हबमधली माहिती जुळेना, एकाकडे असलेला संदेश दुसऱ्याकडे नाही. शेवटी २०२५ मध्ये ते स्नॅपचेनकडे वळले, म्हणजे पुन्हा सगळ्यांनी एका क्रमावर एकमत करण्याकडे. थांबण्याचा धोका पत्करून एकवाक्यता घेतली. मला हा निर्णय पटतो. 'बंद आहे' हे निदान कळतं. 'मला दिसतंय, तुला दिसत नाही' यावर भांडणं होतात.

आता तुमचं व्यासपीठ स्वतःची साखळी न चालवता दुसऱ्याच्या साखळीवर भाडेकरू असेल, तर मालकाच्या घरचा नळ गेला की तुमचाही जातो. पॉलिगॉन ही साखळी मार्च २०२२ मध्ये एका अपग्रेडनंतर ११ तासांच्या आसपास थांबली होती. लेन्स हे सोशल जाळं त्यानंतर दोनच महिन्यांनी तिच्यावर उभं राहिलं. फ्रेंड टेक हे सोशल अ‍ॅप ऑगस्ट २०२३ मध्ये बेस या साखळीवर गाजलं आणि ५ सप्टेंबरला बेसवर पाऊण तासाच्या आसपास नवा ब्लॉकच पडला नाही. बेससारख्या दुसऱ्या थराच्या, म्हणजे मूळ साखळीच्या वर उभ्या असलेल्या, साखळ्यांत सहसा व्यवहार रांगेत लावणारा सीक्वेन्सर एकच असतो आणि तो एकाच कंपनीच्या ताब्यात असतो. विकेंद्रित म्हणून घेतलेल्या वस्तूत हा एकटा जीव कुठे बसलाय, हे आधी शोधायला हवं.

खिडकीचीही तीच गत. इथेरियमवरची पुष्कळ अ‍ॅप आणि मेटामास्क हे वॉलेट इन्फुरा नावाच्या एका सेवेमार्फत साखळी वाचतात. ११ नोव्हेंबर २०२० रोजी इन्फुराकडे गेथ या इथेरियमच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती चालू होती, ती मुख्य साखळीपासून फुटली आणि इथेरियम जिवंत असताना जगभरच्या लोकांना ते मेल्यासारखं दिसलं. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या एका विभागात डीएनएसचा घोळ झाला आणि कॉइनबेससकट कितीतरी सेवा बसल्या. उलट बाजूचंही सांगतो: नोव्हेंबर २०२२ मध्ये हेट्झ्नर या जर्मन कंपनीने आपल्या मशीनवरचे सोलाना या साखळीचे हजाराच्या आसपास व्हॅलिडेटर (ब्लॉक तपासणारे नोड) बंद केले, तरी सोलाना चालू राहिली, कारण बाकीचे दुसरीकडे होते. पसरलेलं असण्याचा फायदा असा दिसतो. फक्त तो पसरवणाऱ्याने आधी खर्च करून ठेवलेला असावा लागतो.

एक प्रकार तांत्रिक नाही, पण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या साखळीच्या जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली. कंपनीकडे सुरुवातीपासून चलनाचा मोठा साठा होता, आणि विटनेस निवडताना मत चलनाच्या प्रमाणात मोजलं जातं. तो मतदानात वापरला जाईल या भीतीने विटनेसनी महिनाअखेरीस तो गोठवला. २ मार्चला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिक्स या एक्स्चेंजकडच्या (चलनाच्या बाजारांकडच्या) चलनाच्या जोरावर मतं पडली आणि वरचे वीसच्या वीस विटनेस बदलले गेले. ते चलन ग्राहकांचं होतं. मतासाठी ते बांधून ठेवावं लागतं आणि सोडवायला तेरा आठवडे लागतात, त्यामुळे त्या ग्राहकांना आपलेच पैसे काढता येईनात. ते दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात. ब्लॉक तीन सेकंदांना पडत होते, एकही सर्व्हर बसला नव्हता, आणि तरी आम्हाला आपलं गाव हातातून गेल्यासारखं वाटत होतं. पुढे २० मे रोजी स्टीमवरच्या एका हार्डफोर्कने ६४ खात्यांमधलं दोन कोटी ३६ लाखांच्या आसपास चलन काढून घेतलं. त्या ६४ जणांची साइट उघडत होती. त्यांना याचा काय उपयोग?

पण त्याच मार्चमध्ये तुम्हाला सांगितलेल्या वाक्याचा खरा अर्धा भागही दिसला. साखळीची पूर्ण प्रत अनेकांच्या मशीनवर होती. २० मार्च २०२० रोजी समाजाने तीच प्रत घेऊन हाइव्ह सुरू केली. चार वर्षांतला प्रत्येक लेख, प्रत्येक कमेंट, खात्यांची नावं आणि त्याच किल्ल्या, सगळं पलीकडे आलं. माझी २०१७ मधली पहिली, अगदी कच्ची पोस्टसुद्धा. एखाद्या कंपनीच्या बंद डेटाबेसवर असतो तर असं गाव उचलून नेता आलं नसतं. ब्लॉकचेनने जे वचन पाळलं ते हे: तुमचं लिहिलेलं कुणा एकाला पुसता येणार नाही. ते प्रत्येक क्षणी दिसेल, हे वचन ब्लॉकचेनने दिलेलं नव्हतंच. ते विकणाऱ्यांनी दिलं. याच कारणासाठी मी अजून नोड चालवतो आणि याच कारणासाठी मला ते खोटं वचन खटकतं.

असं व्यासपीठ बांधणारं कुणी वाचत असेल तर दोन गोष्टी मनापासून सांगतो. एक, नोड 'जिवंत आहे का' हे नुसत्या २०० या, म्हणजे वेब सर्व्हरच्या 'सगळं ठीक' या, उत्तरावरून ठरवू नका. या नोडचं उत्तर आत चूक असली तरी बाहेरून २०० म्हणूनच येतं. त्याहून वाईट म्हणजे मागे पडलेला नोड अगदी आत्मविश्वासाने कालची माहिती देतो. शेवटच्या ब्लॉकवरची वेळ आणि घड्याळ ताडून बघा. अर्ध्या मिनिटाहून जास्त फरक दिसला की त्या नोडला रांगेतून बाहेर काढा. हाइव्हमाइंड कितव्या ब्लॉकपर्यंत पोचलंय ते वेगळं तपासा, कारण नोड ताजा आणि तक्ते शिळे असं सर्रास होतं. आणि पर्यायी पत्ते वेगवेगळ्या माणसांचे, वेगवेगळ्या डेटासेंटरमधले असू द्या. एकाच कंपनीतल्या तीन मशीन म्हणजे तीन पर्याय नव्हेत.

दुसरी गोष्ट संदेशांची. 'काहीतरी चुकलं' असं लिहून माणसाला अंधारात सोडू नका. 'तुमचा लेख साखळीत पोचला, दिसायला वेळ लागेल' आणि 'लेख पोचलाच नाही' या दोन पूर्ण वेगळ्या बातम्या आहेत आणि तुमच्या सॉफ्टवेअरला त्यातली कुठली खरी ते शोधता येतं. ज्याने तासभर बसून लेख लिहिलाय त्याला एवढं सांगणं आपलं कामच आहे.

आता तुमच्यापुरतं. लेख नेहमी आधी स्वतःकडे लिहून ठेवा, मूळ फोटोही स्वतःकडे ठेवा, कारण ते साखळीवर नाहीत. किल्ल्या कागदावर उतरवून ठेवा. एखाद्या साइटने तुमच्यासाठी जपलेल्या किल्ल्या ती साइट बसली की तिच्याबरोबर बसतात. त्याच साखळीच्या दोन-तीन वेगळ्या साइट माहीत करून घ्या. हाइव्हवर पीकडी आणि इसेन्सी यांसारख्या साइटमध्ये सेटिंगमधून नोडही बदलता येतो, तुमच्याकडे तशी सोय आहे का ते आजच बघून ठेवा.

पुन्हा कधी चक्र फिरत राहिलं तर लगेच दुसऱ्यांदा 'प्रकाशित करा' दाबू नका. आधी ब्लॉक एक्स्प्लोररवर (साखळीतल्या नोंदी थेट दाखवणाऱ्या साइटवर) आपलं खातं उघडा आणि वर शेवटच्या ब्लॉकची वेळ पाहा. ती आत्ताची असेल तर साखळी ठीक आहे. मग खाली आपल्या नोंदी पाहा. सही केलेल्या व्यवहाराला मुदत असते, साधारण मिनिटभराची. तेवढ्यात तो ब्लॉकमध्ये गेला नाही तर आपोआप रद्द होतो, त्यामुळे मुदत उलटूनही नोंद दिसली नाही तर निर्धास्तपणे पुन्हा टाका. नोंद दिसली तर लेख गेलेला आहे, फक्त खिडकी मागे आहे. शीर्षकावरून तयार झालेला पत्ता तोच असेल तर दुसऱ्यांदा टाकलेला लेख पहिल्याची दुरुस्ती म्हणून धरला जातो. पण काही साइट दर वेळी पत्ता नवा करतात आणि मग तुमच्याच नावावर एक लेख दोनदा उभा राहतो. तुमचा परवाचा लेखही एकदा तपासून बघा. एक्स्प्लोररवर त्याच्या दोन नोंदी असतील आणि पत्ते वेगळे असतील, तर दुसरा साइटवरून काढून टाका आणि पहिला तसाच राहू द्या. वाचकांच्या कमेंट त्यावरच आल्या असतील.